दुबार पराटीवीर

दिग्रसच्या मोजणी ऑफिसात नरहर देवपुजारी शेतांच्या नकाशांच्या नकला काढायचा. बांध जसाच्या तसा उतरवायचा आणि खाली ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारायचा. एकोणीस वर्षं हेच केल्यावर त्याला एकदा वाटलं, आपण कधीतरी असं काही काढावं, जे आधी कुणी काढलेलंच नाही.

ते साल दोन हजार चार. कपाशीचं काही खरं राहिलं नव्हतं. कुठे बी उगवत नव्हतं, उगवलं तर अळी सोडत नव्हती, आणि गावात येणारा पाहुणा पाणी प्यायच्या आधीच सुस्कारा टाकायचा. बसस्टँडसमोरच्या साप्ताहिकाचे संपादक नरहरला म्हणाले, “चौथ्या पानावर असं काहीतरी द्या, की माणूस चहा तरी हसत पिईल.”

नरहरने पराटीवीर काढला. कपाशीच्या पराटीला, म्हणजे झाडाला, वीज लागली आणि बोंड फुटून त्यातून हा महावीर बाहेर पडला. मिशा पांढऱ्या कापसाच्या, छाती कापूस दाबून बांधलेल्या गठाणीसारखी. कापसासारखाच हलका, म्हणून उडायचा. आणि पावसात भिजला की जड होऊन धपकन खाली पडायचा. राणी बोंडअळी ही त्याची वैरीण. बोलायचा मात्र फार शुद्ध. “हे दुष्टे, तुझा अंतकाळ समीप आला आहे,” असं म्हटल्याशिवाय तो हात उगारत नसे. पुढे साप्ताहिकवाल्यांनी त्याची सोळा पानी पुस्तकं काढली, आणि ती बसस्टँडवर चिवड्याच्या पुड्यांशेजारी लटकू लागली. लोक वाचायचे, पण हसताना कुणी दिसत नव्हतं. नरहरची बायको सुचित्रा प्रत्येक पुस्तक नीट वाचून म्हणायची, “छान आहे हो,” आणि तांदूळ निवडायला बसायची.

दोन वर्षांनी नरहरचा पुतण्या सलील याने संगणकाच्या क्लासमध्ये बसून पराटीवीराची तीन मिनिटांची हलती फिल्म केली. रविवारी दुपारी गावच्या केबलवर ती लागली. नरहरने शेजाऱ्यांना बोलावलं होतं. पडद्यावर पराटीवीर डावीकडून निघाला, उजवीकडे पोचला, आणि डावीकडेही तसाच उभा राहिला. मग दोघांनी एकदमच मिशीवर हात फिरवला.

“सलील, हा दुसरा कोण?”

“काका, त्याला उचलून पलीकडे ठेवायचा होता. चुकून कॉपी झाली. मग पुसायला गेलो तर दोघंही जात होते.”

सोमवारी ऑफिसात येणारा प्रत्येक माणूस मोजणीचं सोडून त्या दुसऱ्याबद्दल विचारू लागला. नरहरला पुढच्या पुस्तकात खुलासा करणं भाग पडलं. त्याने लिहिलं की महागावच्या एका विक्षिप्त शास्त्रज्ञाने पराटीवीराच्या मिशीतला एक केस पेरून हुबेहूब दुसरा वीर उगवून आणला. पहिली पेरणी मोडल्यावर करतात ती दुबार पेरणी, म्हणून त्याचं नाव दुबार. एका पुस्तकापुरता आणायचा आणि संपवायचा, असा नरहरचा बेत होता. दोघांत फरक दिसावा म्हणून त्याने दुबारच्या डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ दिली, आणि बोलणं वऱ्हाडी ठेवलं.

पोत्याच्या खोळीमुळे दुबार पावसात भिजत नसे. अस्सल वीर चिखलात रुतून “हे दुष्टे” म्हणत असताना दुबार राणी बोंडअळीसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, “काहून वो बाई, सारं वावर खाल्लं, पोट नाई दुखत तुमचं? ओवा देऊ का?”

हे वाचताना सुचित्रा अशी हसली, की सुपातले तांदूळ सांडले.

गावाचंही तेच झालं. पुसदच्या गाडीचा कंडक्टर धावजी तिकीट फाडताना प्रवाशांना “ओवा देऊ का?” विचारू लागला. सलीलने केबलवर दुबारचीच फिल्म चढवली. सहा पुस्तकांत दुबार पुढे गेला आणि अस्सल पराटीवीर चित्रात मागे, बोटाएवढा छोटा, उभा राहू लागला. नरहरला त्याचं फार वाईट वाटे. आपण जन्माला घातलेला कोपऱ्यात, आणि सलीलच्या चुकीने झालेला मुखपृष्ठावर. सातव्या पुस्तकात त्याने दुबारला जिनिंगच्या, गठाणी बांधायच्या प्रेसमध्ये ढकललं. मशीन दाबलं गेलं, पट्ट्या आवळल्या, आणि शेवटच्या चित्रात नुसती एक गठाण उरली.

पुस्तक आल्याच्या चौथ्या दिवशी बोरी अरबच्या विमलताई मोजणी ऑफिसात येऊन उभ्या राहिल्या. हातात ते पुस्तक होतं.

“दुबारले कायले मारलं तुमी?”

“ताई, तो खरा नव्हता. नक्कल होती ती.”

विमलताईंनी पिशवीतून घडी केलेला नकाशा काढून टेबलावर पसरला. “हे काय हाये?”

“तुमच्या शेताचा नकाशा. मीच काढलाय.”

“म्हंजे हे बी नक्कलच. अस्सल कुठं हाये?”

“यवतमाळला असेल. बराचसा उंदरांनी खाल्लाय म्हणतात.”

“मंग? माह्या वावराचा बांध या नकलीवर उभा हाये, अन् ते बी तुमच्याच शिक्क्यानं. तुमी नकलेले खोटं म्हणान, तर शेजारी उद्याच माह्या वावरात नांगर घालते.”

मागच्या रांगेतली चार माणसं माना डोलवत होती. नरहरने नकाशाची घडी नीट घालून परत दिली आणि विमलताईंसाठी चहा मागवला. चहा पिताना त्या दुबारच्या गमती सांगत होत्या आणि नरहर ऐकत होता. बाईंचा हेल त्याला कुठेतरी ऐकल्यासारखा वाटत होता.

संध्याकाळी घरी आला तेव्हा सुचित्रा फोनवर माहेरी, बोरी अरबला, बोलत होती. “काहून वो वैनी, आली नाई तू? मी वाट पाहून राह्यली ना.” फोन ठेवून ती वळली आणि म्हणाली, “आलात? चहा टाकू ना?”

नरहर चपला न काढताच खुर्चीत बसला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. सासरी आल्यावर महिन्याभरात तिने बोलणं बदललं होतं, आणि ते बदललं हेही तो विसरून गेला होता. दुबारची वाक्यं आपल्याला इतकी भराभर कशी सुचतात, याचा त्याला अभिमान वाटायचा.

“सुचित्रा, दुबार तुझ्यासारखा बोलतो.”

“हो. पहिल्याच पुस्तकात कळलं होतं मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही काढत होतात ना छान. म्हटलं, काढू द्यावं.”

“मी मारला त्याला.”

“वाचलं मी,” ती म्हणाली. मग म्हणाली, “गठाण सोडली तर कापूस फुगते ना जी.”

त्या आठवड्यात दोघं जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले. ती बोलायची, तो काढायचा. गठाणीच्या पट्ट्या तुटल्या, कापूस फुगत फुगत जिनिंगचं छप्पर उचलून गेला, आणि आतून शिंकत दुबार बाहेर आला. “बाप्पा, लई गर्दी होती आत,” एवढंच म्हणाला. मुखपृष्ठावर ‘शब्द: सुचित्रा देवपुजारी’ असं छापलं तेव्हा तिने दोन दिवस पुस्तक उशीखाली लपवलं, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच शेजारणीला वाचून दाखवलं.

अस्सल पराटीवीराचं काय करायचं, हा प्रश्न उरला. नरहरला त्याला मारवेना, कोपऱ्यातही ठेववेना. शेवटी सुचित्राने तोडगा काढला. पुढच्या पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर पराटीवीराच्या हाती सरकारी लिफाफा पडला आणि त्याची पुसदला बदली झाली. धावजीच्या गाडीत खिडकीजवळ बसून तो गेला, आणि तिथे त्याची प्रकृती बरी आहे असं अधूनमधून पत्राने कळवत राहिला.