सुईच्या दांड्यावरचा पापुद्रा

मी एक पापुद्रा बोलतोय. कसला, ते मात्र विचारू नका, कारण तिथेच माझा गोंधळ सुरू होतो. शिलाई मशीनमध्ये सुई ज्या पोलादी दांड्याला बसवतात, त्या दांड्यावर माझा मुक्काम आहे. केसापेक्षाही पातळ आहे मी. बोट फिरवलंत तरी मी आहे की नाही हे तुम्हाला कळणार नाही, आणि खरं सांगायचं तर कधीकधी मलाही कळत नाही.

माझा जन्म प्रयोगशाळेत, हवा काढून टाकलेल्या एका पेटीत झाला. तिथे मी निव्वळ बोरॉन ऑक्साइड होतो, काचेसारखा कडक. मला कोण ओरखडा काढतंय, अशा तोऱ्यात होतो. मग पेटीचं दार उघडलं, बाहेरची दमट हवा लागली आणि माझा वरचा थर बघता बघता बदलला. त्याचं बोरिक ॲसिड झालं. तेच, ज्याची पावडर तुम्ही कॅरमवर भुरभुरता. त्याचे पदर एकमेकांवरून पत्त्यांसारखे घसरू लागले. खाली कडक, वर मऊ! यातला मी कोणता? कुणी सांगितलंच नाही.

मला घडवणारी मुलगी तिथे संशोधक होती. तिची आई कपडे शिवायची, बहुतेक परिचारिकांचे पांढरे गणवेश. मशीन जुनं. दांड्याला तेल घातलं की ते सुईवरून ओघळून कापडावर डाग पडायचा, नाही घातलं तर दांडा अडायचा. म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. डागांमुळे इस्पितळाने एकदा गणवेश परत पाठवले होते, आणि पुन्हा डाग दिसला तर काम दुसऱ्याला देऊ, असं बजावलंही होतं.

लेक म्हणाली, "आई, तेलाशिवाय चालेल असा दांडा देते तुला." आणि मला घेऊन आली.

आईच्या खोलीत मी मजेत होतो. मशीनला लागूनच वाफेची इस्त्री फुसफुसत असायची. मी खालीवर धावायचो, आवाज म्हणून नाही. लेकीचा रोज फोन यायचा.

"चालतंय का गं?"

"लोण्यासारखं!"

"आई, उगाच माझं मन राखू नकोस. इथे सगळे आकडे वाईट येतायत. असाच लेप दिलेले माझे तुकडे घासले की नुसते करकरतात."

"अगं, मी कशाला खोटं बोलू?"

"शाळेतल्या माझ्या चित्रांनाही तू छानच म्हणायचीस."

माझीच भावंडं तिथे करकरतात आणि मी इथे घसरतो, हे काय गौडबंगाल आहे ते मला उमगेना. आईचा चेहरा मात्र उतरला होता.

पुढच्या रविवारी लेक आली ती जुना दांडा आणि तेलाची बुधली घेऊनच. थंडी कोरडी होती. खिडक्या बंद, हीटर चालू, इस्त्री बंद. आई म्हणाली, "काढायच्या आधी ऐकून तर बघ," आणि तिने मशीन चालवलं. थोडी शिवण पुढे गेली आणि मी करकरलो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईचा पाय थांबला. "काल तर आवाज नव्हता गं. मला ऐकू कमी येतंय की काय?"

लेकीने पिशवीतून पाना काढला.

"थांब, एवढी कॉलर तरी होऊ दे." आईने इस्त्री लावली, कॉलर दाबली आणि तिथेच शिवायला बसली. वाफ माझ्या अंगावर आली. करकर कमी होत गेली आणि थांबली. लेकीचा पाना हातातच राहिला. तिने इस्त्री बंद केली, बराच वेळ मशीन चालवलं, मी करकरलो. पुन्हा लावली, मी गप्प झालो. घोडं कुठे पेंड खातंय ते तिला तेव्हा कळलं. प्रयोगशाळेत आपल्या तुकड्यांना ओल लागू नये म्हणून ती त्यांना कोरड्या बरणीत जपत होती, आणि कोरड्या हवेतच घासत होती; घासून गेलेला मऊ थर पुन्हा धरायला ओल मिळतच नव्हती.

"आई, मीच त्यांना तहानलेलं ठेवलं गं! तू खरं सांगत होतीस."

"मग? चित्रंही छानच होती."

"ती नव्हती," लेक म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या.

तेव्हापासून लेकीचा आईच्या शब्दावर पूर्ण विश्वास आहे. तिच्या कामाचं आता नाव होतंय, ती दूरदूर व्याख्यानं द्यायला जाते. इथे मी मात्र झिजतोय. वरचे पदर घासून जातात, ते भरून काढायला खालचा कडक मी खर्ची पडतो. एकदा आईने ओल्या फडक्याने मला पुसलं, तेव्हा बराचसा विरघळूनच गेलो. वाफेतल्या ज्या पाण्यावर मी जगतो, तेच पाणी मला घेऊन जातं. याला काय म्हणावं? आता खालच्या टोकाला नुसतं पोलाद उरलंय.

आईला करकर लगेच ऐकू आली. हल्ली ती तेलाचा थेंब सोडते, खाली चिंधी धरते, आणि तरीही पडलेले डाग साबणाने चोळत बसते. बोटांची सालं निघालीत. फोन वाजला की ओले हात पदराला पुसते.

"आई, चालतंय ना?"

"मस्त चालतंय. तू तुझं काम बघ."

आणि लेक विश्वास ठेवते! मला ही माणसं कळत नाहीत. मला ओरडून सांगावंसं वाटतं, पण मला तेवढं करकरताच येतं, आणि ते फोनमधून ऐकू जात नाही. तुमची तिच्या लेकीशी कुठे गाठ पडली तर एवढंच सांगा, की आईला नवा दांडा हवाय. ती स्वतः मागणार नाही.