जायचा वेग किती?

मित्रांनो, टीव्हीच्या मागे, वायरींच्या गुंत्यात, हिरवे दिवे लुकलुकवत बसलेला एक काळा डबा तुम्ही पाहिला असेल. मी तसाच एक, घरभर इंटरनेट पोहोचवणारा, आता जुना झालेला राउटर. धूळ पुसताना माझी एक अँटेना मोडली आणि आईंनी ती चिकटपट्टीने बांधली. तरीही माझी मान आज ताठ आहे. का, ते सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायकांनी माझे भाग जोडले. शेवटच्या बाईने माझा दिवा लागतो का ते पाहिले, मान हलवली आणि मला खोक्यात बंद केले. ते खोके उघडले या घरात. येथे तिघे राहतात. बाबांनी तीस वर्षे खांबांवर चढून टेलिफोनच्या तारा जोडल्या. निवृत्त झाल्यापासून ते टीव्हीवर कुस्त्या पाहतात आणि खुर्चीतल्या खुर्चीत डाव टाकतात. आईंना संध्याकाळची मालिका लागते. आणि ताई, त्यांची मुलगी, शिक्षिका आहे. ज्या मुलांना ऐकू येत नाही, त्यांना ती हातांच्या खुणांची भाषा शिकवते.

तिच्या वर्गातली पाच मुले दूरदूरच्या वस्त्यांत राहत. तेथे अशी शाळाच नव्हती. म्हणून ताई मागच्या खोलीत निळा पडदा लावून संगणकासमोर उभी राहायची आणि तिचे हात मी त्या पाच घरांपर्यंत पोहोचवायचो. "गुणाचा आहे हो डबा," असे बाबा पाहुण्यांना सांगत. मी आणखी जोमाने लुकलुकत असे.

दोन वर्षे छान गेली. मग गल्लीत घरोघरी इंटरनेट आले, एकाच तारेवर गर्दी झाली, आणि ताईचे चित्र अडकू लागले. मित्रांनो, तुम्ही फोनवर बोलताना चित्र थांबले तरी आवाज येत राहतो. पण जेथे हातच बोलतात, तेथे हात थिजला की शब्द थिजतो. 'ये' म्हणताना ताई पंजा पुढे करून बोटे आपल्याकडे वळवायची. चित्र मध्येच अडकले की नुसता पुढे केलेला पंजा दिसे, आणि त्याचा अर्थ होई 'थांब'.

त्या पाचांत सात वर्षांची एक मुलगी होती. तिची बोटे इतकी चपळ, की सगळे तिला खार म्हणत. ताई तिला रोज जवळ बोलवायची. खारीला मात्र दिसायचा तो अडवणारा हात. चार दिवस ती जागची हलली नाही. पाचव्या दिवशी आलीच नाही. तिच्या आईने लिहून कळवले, "ती म्हणते, ताई माझ्यावर रागावली. मला जवळ येऊच देत नाही."

त्याच आठवड्यात शाळेच्या मुख्याध्यापिकांचे पत्र आले. पंधरा दिवसांनी त्या स्वतः वर्ग पाहणार होत्या. चित्र असेच तुटत राहिले, तर वर्ग बंद करावा लागणार होता.

बाबांनी इंटरनेटच्या कंपनीला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा विक्रेता चकचकीत पत्रके घेऊन हजर झाला. त्याने सोफ्यावर बसण्याआधीच माझ्याकडे बोट दाखवले.

"काका, सगळा घोळ या डब्याचा आहे. हा काढा. आमचं मोठं पॅकेज घ्या. तीनशे चॅनेल आणि शंभरच्या वेगाचं इंटरनेट, एकत्र! हा नवा राउटर ठेवून जातो, चार दिवस वापरून बघा."

सगळे खापर माझ्यावर फुटले. बाबांनी मला खाली उतरवले आणि बुटांच्या रिकाम्या खोक्यात ठेवले. मला वाईट वाटले. पण खरे सांगतो, त्याहून जास्त वाईट या गोष्टीचे वाटले, की दोष माझा नाही हे सांगायला मला तोंड नव्हते.

तीन दिवस नवा राउटर ऐटीत लुकलुकला. चित्र तसेच अडकले. तिसऱ्या दिवशी ताई मागच्या खोलीतून तणतणत बाहेर आली.

"बाबा, मुलं मला अगदी स्वच्छ दिसतायत. त्यांनाच मी दिसत नाहीये!"

बाबांनी कुस्तीचा आवाज बंद केला. "काय म्हणालीस? परत सांग."

"येणारं चित्र चांगलं आहे. जाणारं तुटतंय."

बाबा ताडकन उठले. तीस वर्षांचा तारांचा अनुभव त्यांच्या डोळ्यांत चमकला. चौथ्या दिवशी विक्रेता सही घ्यायला आला, तेव्हा ते पत्रक उलगडून तयारच बसले होते.

"हे शंभर म्हणजे यायचा वेग ना? जायचा वेग किती?"

"काका, शंभर म्हणजे खूप झालं. सिनेमा बघा, मॅच बघा..."

"मी जायचा विचारला."

विक्रेत्याने पत्रक उलटे केले, डोळ्यांजवळ नेले. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत आकडा होता. "पाच," तो पुटपुटला. "पण कोणी विचारतच नाही हो हे."

"आम्ही विचारतोय," आई म्हणाल्या, आणि त्याचा राउटर पुसून त्याच्या हातात दिला.

मग तिघांनी मिळून इतर कंपन्यांची पत्रके पसरली. आधी सगळे चॅनेल मोजत होते. आता प्रत्येक कागदाचा तळ वाचू लागले. शेवटी दोन गल्ल्या पलीकडच्या एका केबलवाल्या बाईंना बोलावले. त्यांचा धंदा लहान होता. त्या स्वतःच खांद्यावर शिडी घेऊन आल्या.

"यायचा पन्नास, जायचाही पन्नास," त्यांनी सरळ सांगितले. "चॅनेल मात्र नव्वदच. ताई, तुमच्या आईंची मालिका आहे. कुस्त्यांचा चॅनेल नाही."

ताई लगेच म्हणाली, "मग नको. बाबांचं तेवढं एकच तर..."

"कुस्त्या पुष्कळ पाहिल्या," बाबा तिला अडवत म्हणाले. "आता लेकीची पाहतो. बाई, पण आधी चालवून दाखवा. मग सही."

"आठवडाभर चालवा. नाही पटलं, तर माझी तार मी गुंडाळून नेते."

नवी तार पुढच्या खोलीपर्यंतच आली. ताईचा वर्ग मागे, आणि मधल्या जाड भिंतीपलीकडे बाईंच्या छोट्या राउटरचा जोर पोहोचेना. बाईंनी कपाळाला हात लावला. "जुना राउटर आहे का घरात? तार टाकून मागच्या खोलीत लावू. चांगलं काम देईल."

आई धावतच गेल्या. झाकण उघडले, उजेड आत आला, आणि माझ्या जिवात जीव आला. दहा मिनिटांत मी निळ्या पडद्याशेजारी उभा होतो.

आठवडाभर चित्र एकदाही अडकले नाही. बाबांनी सही केली. ताईने खारीच्या आईला विनवले, "एकदाच तिला बसवा."

पाहणीचा दिवस उजाडला. मुख्याध्यापिका ताईजवळ वही उघडून बसल्या. संगणकाच्या पडद्यावर चार चेहरे हसत होते. पाचव्या चौकटीत खार भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून बसली होती. ताईने पंजा पुढे केला. बोटे आपल्याकडे वळवली. एकदा, दोनदा, तीनदा. मी त्यातली एकही हालचाल सांडू दिली नाही.

खारीने डोळे बारीक केले. मग ती उठली, धावली, आणि इतकी जवळ आली की चौकटभर नुसते तिचे नाक! मग तिची बोटे भराभर चालू लागली. मुख्याध्यापिकांनी विचारले, "काय म्हणतेय ती?"

ताईने त्यांच्याकडे वळून सांगितले, "म्हणतेय, इतके दिवस कुठे होतीस?"

मुख्याध्यापिकांनी वही मिटली. "वर्ग बंद होणार नाही. आणखी मुलं देते. घ्याल?"

आज अकरा मुले आहेत. मित्रांनो, एक विनंती करतो. एखादी वस्तू अडली तर तिला खोक्यात टाकण्याआधी, नेमके काय अडले आहे ते शोधा. आणि नवीन काही निवडताना कागदाच्या अगदी तळापर्यंत वाचा. आमच्यासारख्यांना तोंड नसते. आमच्या वतीने तुम्हीच प्रश्न विचारा.

काल बाबांनी खुणांच्या भाषेत पहिली गोष्ट सांगितली, एका पैलवानाची. चार ठिकाणी चुकले, पण शेवट जमला. अकरा चौकटींत बावीस हात वर गेले आणि बोटे पसरून हलू लागले. ही मुले टाळी अशीच वाजवतात. तिचा आवाज होत नाही, पण ती सगळीच्या सगळी माझ्यातून गेली.