आत अकरा जणी

टाचणी ओठांत धरून मिनल मॉडेलच्या कुर्त्याची बाही आत दुमडत होती, तेवढ्यात फोन वाजला. महाळुंग्याला तिच्या शिवणकामाच्या शेडसमोर ट्रकांचा वजनकाटा होता. तो चालवणारा किसन बोलत होता.

“मॅडम, तुमच्या शेजारच्या फोमच्या गोडावनाला आग लागलीया. धूर लई हाय. तुमचं दार बंद दिसतंय, म्हणलं आज सुट्टी दिली व्हय?”

टाचणी खाली पडली. उत्तर एका शब्दाचं होतं, पण ते देण्याआधी ती थांबली. किती वेळ थांबली, हे नंतर तिने कितीदा तरी आठवून पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली. “आत अकरा जणी आहेत. दार तोडा.”

पलीकडे नुसता गलका झाला आणि फोन तुटला.

पिंपळे सौदागरच्या फोटो स्टुडिओचा जिना ती कशी उतरली, ते तिला कळलं नाही. शेडच्या लोखंडी दाराची किल्ली तिच्या पर्समध्ये होती. ते कुलूप आतून काय, बाहेरून काय, किल्लीशिवाय उघडत नसे. दुपारी तिनेच ते लावलं होतं. मागच्या दारापुढे दिवाळीच्या मालाचे खोके छतापर्यंत रचलेले होते, तेही तिच्याच सांगण्यावरून.

सहा वर्षांपूर्वी संत तुकाराम नगरातल्या गच्चीवर दोरीला कुर्ते टांगून तिने मोबाईलवर फोटो काढले होते. तिथून तिचा ‘निळाई’ हा ब्रँड सुरू झाला आणि आता तिचे कुर्ते गुवाहाटीपर्यंत जात होते. मार्चमध्ये दोनदा तयार मालाचे गठ्ठे नाहीसे झाले. कोणी नेले ते कळेना, म्हणून तिने सगळ्यांनाच कुलपात ठेवलं. नव्या डिझाइनचे फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून सगळ्यांचे मोबाईलही दाराजवळच्या ट्रेमध्ये ठेवायला लावले. तिचे वडील धोंडीबा भोसरीच्या एका कंपनीत तीस वर्षं कामाला होते. कामगारांसाठी ते गेटवर उपोषणाला बसले होते. कुलपाचं तिने त्यांना सांगितलं नव्हतं.

गाडी चालवता चालवता तिने शालनबाईला फोन लावला. शालनबाई शेडमधली सगळ्यांत जुनी, कटिंग तिच्याकडे. फोन वाजत राहिला. ट्रेमध्ये वाजणारा तो फोन मिनलच्या डोळ्यांपुढे आला. तिने दुसरीला लावला, तिसरीला लावला. किसनही उचलेना. मग अग्निशमन दलाला लावला. तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं, “बंब निघालेत ताई. पत्ता मिळालाय.”

मोशी ओलांडली आणि कुरुळीच्या अलीकडे सगळं थांबलं. पुढे कंटेनरची रांग, मागे कंपन्यांच्या बस. तिने मनातल्या मनात नावं घ्यायला सुरुवात केली. शालनबाई, दुर्गाबाई, श्रद्धा, विजयश्री... दहाच भरली. पुन्हा पहिल्यापासून घेतली, पुन्हा दहा. पॅकिंगला महिन्यापूर्वी आलेली, डाव्या हाताने टेप फाडणारी ती पोरगी. तिचा हात आठवत होता, नाव काही केल्या आठवेना.

तिने गाडी रस्त्याच्या कडेला घातली आणि तशीच सोडली. शिफ्टला निघालेल्या एका मोटरसायकलवाल्यासमोर ती आडवी झाली.

“भाऊ, महाळुंगे. माझी माणसं आत अडकलीत.”

त्याने तिला मागे बसवलं. कंटेनरच्या मधून, मातीतून, गटाराच्या काठावरून त्याने गाडी काढली. मिनलच्या मुठीत किल्ली इतकी घट्ट होती की तळव्याला खाच पडली. चाकणचा चौक मागे पडला तसा समोर धूर दिसू लागला. काळा, जाड, जागचा न हलणारा.

रस्त्यावर पोलीस आडवा उभा होता. ती त्याच्या हाताखालून वाकून पळाली. तिच्या शेडच्या भिंतीवर बंबाचं पाणी मारत होते. पत्रा काळा पडला होता. आणि लोखंडी दार सताड उघडं होतं.

दार तोडलेलं नव्हतं. कुलूप जागच्या जागी, धड होतं.

“मॅडम, हिकडं,” किसनची हाक आली.

काट्याच्या मागे लिंबाखाली बायका बसल्या होत्या. कुणी खोकत होतं, कुणाच्या तोंडाला ओला पदर होता. मिनलने डोकी मोजली. पुन्हा मोजली. अकरा. ती मातीतच बसली.

“कशा आलात बाहेर?”

सगळ्यांनी शालनबाईकडे पाहिलं. शालनबाईने कनवटीची किल्ली काढून तळहातावर धरली. मिनलच्या किल्लीसारखीच, जरा ओबडधोबड.

“तुमी कुलूप लावलं ना, त्याच आठवड्यात केली. तुमची पर्स टेबलावर व्हती, तवा साबनावर ठसा घेतला, अन् चाकनच्या बाजारातून करून आनली.”

“सात महिने तुमच्याकडे होती?”

“व्हय.”

त्या सात महिन्यांत शेडमधून एक कुर्ताही कमी झाला नव्हता. मिनल ते कुलपाचं श्रेय समजत आली होती.

“मला सांगितलं का नाही?”

शालनबाईच्या आवाजात राग नव्हता.

“सांगितलं असतं तर तुमी कुलूप बदललं असतं.”

मिनलने हात पुढे केला. किल्ली मागायला की तिचा हात धरायला, ते तिचं तिलाच ठरवता आलं नाही. शालनबाईने क्षणभर त्या हाताकडे पाहिलं. मग किल्ली पुन्हा कनवटीला खोचली आणि पाण्याचा तांब्या मिनलच्या हातात दिला.

“आधी पानी प्या,” ती म्हणाली.