डोणीवरची शीळ

चैत्राचा तिसरा प्रहर. सुवर्णपीत, निर्वात, निःशब्द. माणदेशच्या विस्तीर्ण माळावर ऊन पसरले होते, बाभळींच्या विरळ सावल्या मातीवर पेंगत होत्या, आणि विहिरीकाठच्या दगडी डोणीत पाणी काठोकाठ, नितळ, निश्चल उभे होते. पाणी होते. तहान होती. मधली शीळ तेवढी नव्हती.

पाखऱ्या डोणीशी आला. शुभ्रदेही, वृद्ध, उंच वशिंडाचा पाखऱ्या. त्याने पाणी हुंगले, मान वर केली आणि धन्याकडे, भिवरावकडे, पाहिले. काल सकाळपासून हेच चालले होते. त्याच्या कुशी आत ओढल्या होत्या.

बैल पाणी पीत असताना शीळ घालायची, ही या माळाची जुनी रीत. मंद, दीर्घ, उतरत्या सुरांची शीळ. ती भिवरावला बापाने दिली, बापाला त्याच्या बापाने. पण परवा तो तालुक्याला जाऊन पुढचे दोन हलते दात काढून आला. ठणका गेला, शीळही गेली. ओठांचा चंबू करावा, तर त्यातून नुसता वारा निघे.

तो गावात फिरला. पारावर विचारले, दुकानात विचारले. कुणाला शीळ येते का रे, शीळ? लोक हसले. कुणी ओठ मुरडून पाहिले, कुणी बोटे तोंडात घालून नुसतीच किंचाळी काढली. ट्रॅक्टरवाला पुतण्या दत्तू म्हणाला, "काका, मोबाईलात हाय की!" त्याने डोणीवर येऊन शीळ वाजवली, सुरेल, स्वच्छ, कुणाच्याच श्वासाची नसलेली. पाखऱ्याने एक कान हलवला आणि तोंड फिरवले.

भिवरावला मोठे नवल वाटले. पूर्वी विहिरीविहिरीवर शीळ होती, वाटेवाटेवर शीळ होती; नुसत्या शिळेवरून माणूस ओळखू येई. गेली कुठे? ट्रॅक्टरला तहान लागत नाही, हे खरे. पण ओठ तर तेच आहेत, श्वासही तोच. कुणी मोडली नाही, कुणी चोरली नाही, मग गेली कधी? आणि आपल्याला इतके दिवस कळले कसे नाही?

"पी रे बाबा," तो पाखऱ्याच्या गळ्याला हात लावून म्हणाला. "माझ्यापायी मरू नगंस."

एवढ्यात हौसा, त्याची बायको, घागर घेऊन आली. तिने घागर टेकवली. माळ पाहिला, वाट पाहिली. कुणी नव्हते. पदर डोईवर सारखा केला, आणि सुरकुतल्या ओठांचा चंबू केला.

शीळ निघाली. मंद, दीर्घ, उतरती. बापाचीच, आज्याचीच, फक्त शेवटी एक लहानसे वळण, जे भिवरावचे नव्हते. पाखऱ्याने मान खाली घातली आणि तो पिऊ लागला. भिवराव आ वासून पाहत राहिला.

ती श्वास घ्यायला थांबली, तसे त्याने विचारले, "कवापासनं येती तुला?"

"पाखऱ्या आल्यापासनं. दर गुरुवारी तुमी दिसभर बाजारला. तवा जनावर तान्हेलं ऱ्हायचं व्हय?"

"आन् सांगितलं न्हाईस? कालपासनं बी गप?"

"बाईमाणसानं शीळ घालू न्हाई म्हणत्यात. म्हटलं, तुमची शीळ तुमाला घावंल. आज त्याच्या कुशी बघवंनात."

बारा वर्षांचे गुरुवार. बाजारातून येताना भिवराव भेळ आणायचा, बांगड्या आणायचा; पण बैलाला पाणी कुणी पाजले, हे त्याने एकदाही विचारले नव्हते. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या आत कुठेतरी फार बरे वाटले.

हौसाने पुन्हा शीळ धरली, पाखऱ्या पुन्हा पिऊ लागला. तोच बांधाच्या वळणावर दत्तूचा ट्रॅक्टर आला. हौसाचे ओठ मिटले, पदर पुढे आला. अर्ध्या घोटावर पाखऱ्याने मान वर केली. त्याच्या नाकपुडीवरून थेंब निथळू लागले.

"थांबू नगंस," भिवराव म्हणाला. मग दत्तूला ऐकू जाईल अशा आवाजात, "घाल हौसे. पिऊ दे त्याला."

तिने एकदा नवऱ्याकडे पाहिले. वाटेवर दत्तूने इंजिन बंद केले.

आणि सुवर्णपीत, निर्वात माळावर शीळ पुन्हा उमटली. मंद, दीर्घ, उतरती, शेवटी वळणारी. पाखऱ्या पीत होता. डोणीतले पाणी बोट बोट उतरत होते, आणि मागे ओला दगड उन्हात चमकत होता.