मार्करचा हात

चैत्रातलं ऊन उतरणीला लागलं की धुळ्याच्या आमच्या क्लबात झारीने टेनिसचं कोर्ट शिंपलं जाई, आणि ओल्या शेणमातीचा वास कडुनिंबाच्या मोहोरात मिसळून कुंपणाबाहेरच्या रस्त्यापर्यंत येई. रघुनाथ म्हटलं की मला आधी हा वास आठवतो आणि मग तो आवाज: सारवलेल्या जमिनीवर चेंडू पडल्याचा जड, ओलसर आवाज, आणि त्यामागोमाग रॅकेटच्या तातीचा कोरडा, टणक आवाज. दोहोंमधलं अंतर इतकं सारखं असे की डोळे मिटून ऐकणाऱ्याला जवळपास कुणी तांबट भांड्याला ठोके देत बसला आहे असं वाटावं. रघुनाथ होताही सोनगीरचा, तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या गावचा. पण तांबट नव्हे, शेतकऱ्याच्या घरातला. त्याचे वडील क्लबात माळी होते आणि विशीतला रघुनाथ तिथेच मार्कर होता.

मार्कर म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. तो क्लबाचा पगारी खेळाडू. ज्या सभासदाला जोडीदार मिळाला नाही त्याच्याशी खेळायचं, ही त्याची नोकरी. जिंकणं हे त्याचं काम नव्हे. साहेबांना घाम यावा पण धाप लागू नये, सेट चुरशीचा व्हावा आणि अखेरीस साहेब जिंकावेत, एवढी ती कला. चेंडू असा परतवायचा की तो साहेबांच्या उजव्या हाताशी, कमरेच्या उंचीवर, आपण होऊन चालत आल्यासारखा यावा. आणि तो कुणी मुद्दाम दिला आहे अशी शंका साहेबांना स्वप्नातही येऊ नये. रघुनाथ या कलेत इतका मुरला होता की त्याचं हरणं हे त्याच्या चालण्याबोलण्याइतकं सहज दिसे. शेवटचा चेंडू तो नेटमध्ये मारी, क्षणभर स्वतःवर चिडल्यासारखं करी आणि म्हणे, ‘छान खेळलात, साहेब.’

त्या साहेबांमध्ये माझे वडील पहिले. ते वकील होते आणि क्लबाचे चिटणीसही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. मी कॉलेजात होते आणि संध्याकाळी पुस्तक घेऊन कोर्टाकाठच्या बाकावर बसत असे. वडील पन्नाशीचे, पोट किंचित सुटलेलं, पांढरी विजार इस्त्रीची. ते रोज जिंकत. घरी येऊन माठातलं पाणी पिता पिता सांगत की आज रघुनाथने बराच दम काढला, पण शेवटी अनुभव तो अनुभव. आई स्वयंपाकघरातून विचारी, रोज रोज जिंकून कंटाळा कसा येत नाही म्हणून. वडील हसत. माणूस लबाड मुळीच नव्हता. फक्त संध्याकाळी साडेसहा ते सात या अर्ध्या तासात त्यांना जगात कुणी हरवू शकत नव्हतं, आणि त्या अर्ध्या तासावर त्यांचा उरलेला दिवस उभा होता.

मला मात्र ठाऊक होतं. दुपारी कोर्ट मोकळं असताना रघुनाथ एकटा खेळे, तेव्हा मी त्याला पाहिलं होतं. चुन्याच्या रेषेवर तो आगपेटी ठेवी, पलीकडच्या टोकाला जाई, आणि सर्व्हिस करी. आगपेटी उडे. तो शांतपणे चालत येई, ती पुन्हा ठेवी आणि पुन्हा उडवी. उन्हात त्याची सावली पायांखाली गोळा झालेली असे आणि चेहऱ्यावर कसलाही आनंद दिसत नसे; विहिरीवर पाणी शेंदणारा माणूस जसा शेंदत राहतो, तसा तो मारत राही. हा हात रोज संध्याकाळी माझ्या वडिलांपुढे हरतो, याचा अर्थ कळायला फार हुशारी लागत नव्हती. मी घरी बोलले नाही. वडिलांचा आनंद मोडायचा कशाला, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला त्याची गंमत वाटत होती. त्या गमतीची आता लाज वाटते.

कारण त्या गमतीची किंमत रघुनाथ मोजत होता. दर वर्षी दिवाळीनंतर पुण्याला मोठी स्पर्धा असे आणि तिथे नाव घालायला क्लबाच्या चिटणिसाचं पत्र लागे. रघुनाथचे वडील टोपी हातात धरून आमच्या ओट्याखाली उभे राहत आणि पोराला एकदा जाऊ द्या म्हणत. माझे वडील त्यांना चहा देत, विचारपूस करत, आणि नाही म्हणत. त्यांचं म्हणणं साधं, सरळ होतं: जो मलाही हरवू शकत नाही, तो तिथे जाऊन काय दिवे लावणार? उगाच पोराचं हसू होईल. यात द्वेष नव्हता, कंजूषपणा नव्हता. रघुनाथविषयी खरीखुरी माया होती. एक वर्ष असं गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. माळीबुवा मान हलवून जात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रघुनाथ पुन्हा बेताने हरे.

चौथ्या वर्षी पाटबंधारे खात्यात एक इंजिनिअर बदलून आले. तरुण होते, तापट होते, स्वतः बऱ्यापैकी खेळत. दोन गेम झाल्यावर त्यांनी खेळ थांबवला आणि रघुनाथला बजावलं की मला उपकाराचा खेळ नको. हरलास तर उद्यापासून माझ्यासमोर येऊ नकोस. त्या संध्याकाळी वडील एका खटल्यासाठी जळगावला गेलेले होते, म्हणून कोर्टावर काय झालं ते त्यांनी पाहिलं नाही. मी पाहिलं. इंजिनिअरसाहेब घामाघूम होऊन बाकावर येऊन बसले आणि मला म्हणाले, क्लबाच्या पत्राचा कागद कुठे मिळतो? वडिलांनी दुसऱ्या दिवशी इंजिनिअरसाहेबांच्या भिडेखातर त्या पत्रावर सही केली, पण हसत केली.

पुढचं सगळं आमच्यापर्यंत वर्तमानपत्रातून आलं. आधी आतल्या पानावर एक ओळ, मग फोटो, मग देशाचं विजेतेपद, आणि ते एकदा नव्हे, दोनदा. नंतर परदेशातल्या लहान-मोठ्या गावांची नावं येत गेली; ती नकाशात शोधायला वडील माझं जुनं ॲटलास घेऊन बसत आणि म्हणत, बाहेर पडल्यावर पोराचा खेळ किती सुधारला. हिवाळ्यातल्या फिकट उन्हात, कुठल्याशा अनोळखी मैदानावर, काळासावळा रघुनाथ पाठमोरा उभा असलेला एक फोटो मला अजून दिसतो: डावा खांदा जरा उतरलेला, मनगट सैल, आणि सगळा देह कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखा. लिहिणारे त्याच्या अचूकपणाचं फार कौतुक करत. एका मुलाखतीत त्याने त्याचं कारण सांगितलं. समोरच्याच्या रॅकेटवर नेमका चेंडू ठेवायला मी शिकलो होतो, तो म्हणाला. मग रॅकेटपासून हातभर लांब ठेवणं अवघड नव्हतं. आणि खेळायला उशिरा लागलो, आधीची आणखी दोन-तीन वर्षं मिळाली असती तर बरं झालं असतं, एवढंच पुढे म्हणाला. कुणाचं नाव घेतलं नाही.

ती मुलाखत वडील मोठ्याने वाचून दाखवत होते. मध्येच त्यांचा आवाज थांबला आणि उरलेलं त्यांनी मनात वाचलं. चष्मा काढून त्यांनी आईकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘म्हणजे तो मला रोज...’ वाक्य पुरं केलं नाही. त्यानंतर वडील क्लबात जात राहिले, पण घरी येऊन कोण जिंकलं हे सांगणं बंद झालं.

नव्वदीचं दशक निम्मं सरलं तेव्हा रघुनाथचा गुडघा गेला आणि खेळही सुटला. त्याने जळगावला घर केलं आणि मुलांना शिकवायला लागला. त्या फाल्गुनात तो आमच्याकडे पेढे घेऊन आला. केस कानांवर पिकलेले, चालण्यात जराशी लचक, आवाज तोच हळू. वाकून वडिलांच्या पाया पडला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. वडील तेव्हा पासष्टीच्या पुढचे. डॉक्टरांनी जिने चढायलाही मना केलेलं. पेढा हातातच धरून ते म्हणाले की उद्या संध्याकाळी कोर्टावर ये. मी आणि आई एकदमच नको म्हणालो. त्यांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी निंबाची पिवळी पानं कोर्टावर पडत होती आणि ऊन जाळीतून तिरपं आत येत होतं. वडिलांची पांढरी विजार कमरेला सैल झाली होती. खेळ सुरू झाला आणि पहिलाच चेंडू त्यांच्या उजव्या हाताशी, कमरेच्या उंचीवर आला. दुसराही तसाच आला. वडील पहिला गेम जिंकले, दुसराही जिंकले, आणि प्रत्येक गुणागणिक त्यांचा चेहरा उतरत गेला. जिंकताना इतका दुःखी झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मग ते रॅकेट खाली सोडून नेटपाशी चालत गेले. क्लबात नेहमी छापील मराठी बोलणारे माझे वडील, अशिलाशी ओट्यावर बसून बोलावं तसं, घरच्या अहिराणीत बोलले.

‘रघु, तुना तीन वरीस मी खादात. आते तरी माले खरं खेळी दखाड.’

तीन वर्षं खाल्ली, हे शब्द ऐकून रघुनाथने मान खाली घातली. तो चेंडू हातात फिरवत राहिला.

‘साहेब, तुमना समोर मना हात उचलत नई,’ तो म्हणाला.

‘उचल,’ वडील म्हणाले, आणि वळून आपल्या जागी जाऊन उभे राहिले.

ते दोन गेम पुसून खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. रघुनाथची सर्व्हिस वडिलांना दिसलीच नाही. मागची जाळी हलली तेव्हा कळलं. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं जे चाललं ते पाहणं सोपं नव्हतं. रघुनाथ लचकत होता, दात आवळून होता, आणि एकही चेंडू वडिलांच्या हाती लागू देत नव्हता. वडील आधी धावले, मग चालले, मग नुसते वळून पाहू लागले. चेंडू रेषेवर पडून जिथे ओल्या मातीत खूण उमटे, तिथे ते जात, वाकून ती पाहत, आणि परत येत. सहा-शून्य. त्यांचा चेहरा लाल झाला होता, श्वास लागला होता, आणि डोळ्यांत पाणी असूनही ते त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मोकळे दिसत होते.

मी बाकावरून उठले, पण माझ्याआधी रघुनाथ पोचला. नेटला वळसा घालून, पाय ओढत तो आला, त्याने त्यांच्या हातातली रॅकेट काढून घेतली आणि त्यांच्या काखेत हात घातला.

‘आबा, बठा,’ तो म्हणाला. ‘दमी गयात तुम्ही.’

गावात वडीलधाऱ्याला कुणीही आबा म्हणतं. पण त्या कोर्टावर, त्या तोंडून, इतक्या वर्षांत मी साहेबाखेरीज दुसरा शब्द ऐकला नव्हता. वडिलांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि खरोखरच बाकावर बसले. दोघेही शेजारी शेजारी बसले. रघुनाथ आपण होऊन बोलू लागला. म्हणाला की एक दिवस जरी खरं खेळलो असतो तरी तुम्ही मला पाठवलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण वडिलांची माळीकी जाईल अशी भीती होती, आणि पुढे त्या भीतीचीच सवय झाली. मग हळूच म्हणाला, ‘मीबी खरं सांगं नई, आबा.’ वडिलांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कुठे दुखतं म्हणून विचारलं.

त्यानंतर पंधरवड्यातून एकदा, रविवारी, रघुनाथ जळगावहून बसने यायचा. दोघं ओट्यावर बसून चहा पीत आणि पावसापाण्याच्या, कपाशीच्या, गुडघ्यांच्या गोष्टी करत. टेनिसचं नाव निघालं तर एवढंच की कुणी नवा पाहुणा आला की वडील त्याला आवर्जून सांगत, देशाच्या विजेत्याने मला सहा-शून्य हरवलं. आई म्हणे, जिंकायचे तेव्हाही एवढी फुशारकी नव्हती.

वकीलसाहेब जाऊन किती वर्षं झाली, असं धुळ्याचं कुणी भेटलं की विचारतं, आणि मी सांगते. मनातली मोजणी मात्र निराळी आहे. वकीलसाहेब त्या फाल्गुनातल्या संध्याकाळी कोर्टावरच गेले. मागे जे आबा राहिले त्यांना काळाने दोनच वर्षं दिली, आणि डोळे मिटले की आता मला वडील म्हणून तेच दिसतात.