चेंताच्या पिशवीतला काळा साबण

मी साबण आहे. आधीच सांगून टाकतो, कारण नुसतं बघून कुणाचा विश्वास बसत नाही. गोल, काळाकुट्ट, मक्याच्या कणसाच्या वाळक्या पानात गुंडाळलेला. बाजारात पोरं मला शेणाचा गोळा म्हणायची. म्हणेनात का! त्याच पोरांच्या माना त्यांच्या आयांनी माझ्याच भावंडांना घेऊन घासल्या होत्या.

लिपा नावाच्या बाईने मला घडवलं. गुरांची चरबी, राखेचं पाणी आणि सबंध दिवसाचं ढवळणं. धुराने तिचे डोळे कायम लाल असायचे. तिच्या आईनेही याच चुलीवर साबण केला होता, आणि आमच्या गावात लिपाच्या साबणाला नाव होतं.

मला घेतलं चेंताने. चेंता म्हणजे गावची सुईण. तिने मला नाकाशी धरलं, नखाने खरवडून पाहिलं आणि म्हणाली, "हा बाळंतपणाला लागणार आहे, लिपा. फसवू नकोस."

"माझा साबण कशाला फसवेल?" लिपा म्हणाली. "माणसांचं तू बघ."

चेंताच्या पिशवीत कात्री, दोरा, स्वच्छ फडकं आणि मी, असे आम्ही चौघे राहू लागलो. मी तिला जीव लावला, हे लपवत नाही. कुठल्याही घरी गेली की आधी अंगणातल्या हौदापाशी थांबायची. बाह्या वर करून मला कोपरापर्यंत फिरवायची, नखांच्या आत घालायची. घड्याळ नव्हतं तिच्याकडे. तीन वेळा 'नमो मारिया' म्हणून होईपर्यंत हात चोळायचे, हा तिचा नेम. ती प्रार्थना आत कळा देणाऱ्या बाईच्या कानावर गेली की बाई निम्मी शांत व्हायची.

मग घरातल्या सगळ्यांना हौदापाशी पिटाळायची. म्हाताऱ्या कुरकुरायच्या. आमच्याकडे पास्मोची भीती फार. चुलीपाशी किंवा इस्त्री करून हात तापले असताना गार पाणी लागलं, की पास्मो होतो, बोटं वाकडी होतात आणि जन्मभर दुखतात, असं लहानपणापासून ऐकलेलं. चेंता त्यांची टर उडवायची. "हात धुवायचे म्हटलं की बरा आठवतो तुमचा पास्मो! चुलीपासून उठून नदीत डुंबायला जाता तेव्हा तो कुठे जातो?" म्हाताऱ्या हसायच्या आणि हात धुवायच्या. मला तेव्हा वाटायचं, जगात आपल्या बाजूचं एक तरी माणूस आहे.

पण गेल्या वर्षापासून तिचीच बोटं दुखू लागली होती. सांध्यांवर गाठी आल्या होत्या. याबद्दल ती कुणाशी बोलली नाही. मला मात्र कळत होतं, कारण मला धरताना तिची मूठ मिटत नव्हती.

गावच्या जत्रेच्या आदल्या दिवशी ती सकाळपासून कोळशाच्या इस्त्रीने सदरे कडक करत होती. दुपारी शेजारची ओतिलिया धावत आली. तिच्या सुनेला, देल्मीला, कळा सुरू झाल्या होत्या आणि बाळ थांबायला तयार नव्हतं. चेंताने इस्त्री ठेवली, पिशवी उचलली आणि निघाली.

ओतिलियाच्या हौदापाशी तिने मला बाहेर काढलं. पान सोडलं. एकदा आपल्या लाल झालेल्या बोटांकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. मी वाट बघत होतो. तिने मला हौदाच्या कठड्यावर ठेवलं, हात कमरेच्या फडक्याला पुसले आणि तिथेच उभी राहून मोठ्याने 'नमो मारिया' म्हणू लागली. एकदा. दोनदा. तीनदा. आतल्या लोकांना ऐकू जाईल अशा बेताने. मग मला कोरडाच गुंडाळून पिशवीत टाकलं आणि आत गेली. नाळ तिने त्याच हातांनी कापली.

मुलगी झाली. घरात कोंबडीचा रस्सा शिजला, सगळ्यांनी चेंताचे हात हातात घेतले. मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो.

चौथ्या दिवशी मुलीची बेंबी लाल झाली, वास यायला लागला. अंग तापलं, दूध ओढेना. तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सने चेंताला बोलावून विचारलं, हात धुतले होते का? चेंताने मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं.

"याच साबणाने धुतले. लिपा त्यात कसली चरबी घालते, देव जाणे."

एवढे दिवस मी तिच्या हातांवर झिजलो आणि तिने माझं नाव घेतलं. लिपाचंही घेतलं. मी साबणाऐवजी तिची मुकी शेजारीण असतो, तरी तिने असं केलं नसतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं आणि लिपाच्या दारात कुणी फिरकेना. ओतिलियाने घरातले सगळे काळे गोळे उकिरड्यावर फेकले.

पण त्याआधी, तिथे दवाखान्यातच, देल्मी मुलीला छातीशी धरून बाकावर बसली होती. ती हळूच म्हणाली, "चेंतामावशी, तुमची प्रार्थना मी तिन्ही वेळा ऐकली. पाण्याचा आवाज ऐकला नाही."

नर्सने मला उचललं. माझ्या अंगावर जुन्या भेगा होत्या, त्यांत चेंताच्या बोटांवरची इस्त्रीच्या कोळशाची राख तशीच बसली होती; पाणी लागलं असतं तर ती धुऊन गेली असती. तिने मला परत ठेवलं आणि मान खाली घालून मुलीला इंजेक्शन दिलं.

मुलगी वाचली. आठ दिवस लागले. देल्मी घरी जाताना मला चेंताकडून मागून घेऊन गेली. आता मी तिच्या हौदाच्या कठड्यावर असतो. चुलीपासून उठली की हात निवेपर्यंत ती थांबते, मग मला घेते. तेवढं थांबणं पुरतं, इतकी साधी गोष्ट होती ती! लिपाकडे लोक पुन्हा जायला लागले आहेत, पण सगळे नाही.

मी आता सुपारीएवढा उरलोय. आणखी चार दिवस टिकेन. तुम्हाला एकच सांगतो, दुसऱ्याला ऐकवायला हात धुऊ नका.

काल चेंता आली होती. दारातच उभी राहिली, मुलीला एकदा घेऊ दे म्हणाली. देल्मीने हौदाकडे बोट दाखवलं. चेंताने मला वाकड्या बोटांत धरलं आणि कोपरापर्यंत चोळलं. फेस मी दिला, तो मला आवरता येत नाही. माफी दिली नाही. प्रार्थना तिने या वेळी म्हटलीच नाही. नुसतं पाणी पडत होतं, आणि आत देल्मी पाळणा थांबवून ते ऐकत होती.