मास्कमधले तास

खिडकीला काळं कापड खिळ्यांनी ठोकलं आहे. उशाशी ठेवलेल्या मशीनमधल्या चिपवर झोपेचे तास आपोआप नोंदले जातात. क्रेनच्या केबिनमधून खालची माणसं बोटाएवढी दिसतात.

क्रेनचालक रात्रपाळी करून दिवसा झोपतो. झोपेत त्याचा श्वास अडतो, म्हणून डॉक्टरांनी त्याला क्रेनवरून उतरवलं आणि मास्कमधून हवा सोडणारं मशीन दिलं. आठवडाभर रोज सहा तास भरले, तरच क्रेन परत मिळणार होती. पण मास्क लावला की कुणीतरी तोंडावर उशी दाबतंय असं त्याला वाटे. अर्ध्या तासात तो मास्क ओरबाडून काढी.

“आण इकडे, दादा,” धाकटा भाऊ म्हणाला. “झोपण्यात माझा हात कोण धरणार?”

“भाऊजी, ही काय परीक्षा आहे, डमी बसवायला?” चालकाची बायको म्हणाली. दोघे भाऊ हसले.

भाऊ सात दिवस मास्क लावून झोपला. चिप पाहून डॉक्टर खूश झाले आणि त्यांनी सही दिली.

आज रात्री चालक पुन्हा केबिनमध्ये बसला आहे. हुकाला लोखंडी तुळई लटकते आहे. खालचा फिटर दोन्ही हात वर करून थांबायची खूण करतो आहे. तुळई सरकतेच आहे.

दुपारी चालक एकूण चाळीस मिनिटं झोपला होता.